सिलॅबसेस लिहिलं म्हणून मार्क कापायचे का?

भुसावळकर:
भाचीच्या बारावीच्या सराव पेपरात 'सिलॅबसेस' शब्दाला लाल गोल, वर 'सिलॅबाय' हे लॅटिन वळणाचं अनेकवचन लिहिलंय आणि अर्धा मार्क गेला. डिक्शनरीत दोन्ही रूपं दिलेली आहेत मग एक चूक कसं? आणि मुळात हा शब्द जुन्या लॅटिनमध्ये नव्हताच, १५ व्या शतकात प्राचीन रोमन लेखक सिसेरोची पत्रं छापली तेव्हा एक ग्रीक शब्द चुकीचा वाचला गेला त्यातून सिलॅबस जन्माला आला. त्याला शुद्ध लॅटिन अनेकवचन कुठून आणणार? शब्द इंग्रजीत आला की इंग्रजीच्या पद्धतीनं चालणार. कॅम्पसचं कॅम्पाय कोणी करतं का?

अमळनेरचा मास्तर:
मार्क कापणं चूकच, पण पुढचं पटलं नाही. माजी विद्यार्थी मेळाव्यात एकटा माणूस माईक धरून सांगतो, "मी इथला ॲलम्नाय". अरे भाऊ, एकटा आहेस तर ॲलम्नस, बाई असेल तर ॲलम्ना. 'एकच क्रायटेरिया' पण तसंच, एक असेल तर क्रायटेरिअन. चालतं चालतं म्हणत सगळंच सोडून दिलं तर पोरांना शिकवायचं काय?

रावेरची केळी:
सर, क्रायटेरिया ग्रीक आहे, लॅटिन नाही. ऑक्टोपस पण ग्रीकच, म्हणून ऑक्टोपाय म्हणणारे हुशारी दाखवायला जातात आणि तिथंच चुकतात, सरळ ऑक्टोपसेस म्हणा. स्टेटसचं तर लॅटिनमध्ये अनेकवचन पण स्टेटसच लिहितात, स्टेटाय कुठंच नाही. आणि अजेंडा? तो मूळचा अजेंडमचं अनेकवचन. ग्रामसभेत आजचा अजेंडा काय असंच विचारतात ना, तिथं सरांचा नियम लावून दाखवा.

धुळ्याची लॅबवाली:
मला सरांचं म्हणणं पटतं, कारण काही ठिकाणी रूप बदललं की अर्थ बदलतो. किड्याच्या डोक्यावरच्या त्या अँटेनी आणि रेडिओच्या अँटेनाज. गणितात घातांकांना इंडायसेस म्हणतात, पुस्तकाच्या मागच्या सूच्यांना इंडेक्सेस. इंग्रजीनं दोन्ही रूपं ठेवून कामं वाटून घेतलीत. आमच्याकडं बॅक्टेरियम म्हणजे एक आणि बॅक्टेरिया म्हणजे अनेक, रिपोर्ट लिहिताना 'एक बॅक्टेरिया' मी कोणाला लिहू देत नाही. पण व्हायरसचं व्हायराय मीही खोडते, लॅटिनमध्ये त्या शब्दाचं अनेकवचन वापरलेलं सापडत नाही.

भुसावळकर:
ताई, लॅबचं लॅबमध्ये ठीक. पण आपल्या जळगावच्या स्टँडवर बघा, लोक म्हणतात "दोन बसा गेल्या", पेपरात छापून येतं 'बसेस'. आता बसा म्हणणारा चुकला का? बस हा ऑम्निबसचा तुकडा, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच 'सर्वांसाठी' आणि तो आधीच अनेकवचनी. १८२९ साली लंडनला त्या नावानं घोड्यांची गाडी सुरू झाली आणि पुढं लोकांनी शेपूट तेवढं ठेवलं. इंग्रजांनी बसेस केलं, आपण बसा केलं, दोघंही बरोबर.

पारोळ्याचा भाऊ:
तुनं बरोबर शे भो. बसाच म्हणायचं.

अमळनेरचा मास्तर:
बसा मलाही मान्य, ती मराठी झाली. पण पोरगी पेपर इंग्रजीचा लिहितेय. डिक्शनरीचं पान घेऊन जा आणि तिचा अर्धा मार्क मागून घ्या, तो तिचा हक्काचा आहे. ॲलम्नसवर मात्र मी मागं हटणार नाही.