रो-हाऊस घेतोय, वकील एजंटचाच धरावा का?

जिंतूरची सिस्टर

सगळ्यांना नमस्कार. मी जिंतूरला सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, मिस्टर एस.टी.त आहेत. मोठी लेक अकरावीपासून छत्रपती संभाजीनगरला आहे, धाकटा पुढच्या वर्षी जाईल. दोन वर्षं झाली खोलीभाडं भरतोय. म्हणून तिथल्याच सातारा परिसरात एक जुनं रो-हाऊस बघितलं. ६०० चौरस फुटांचा प्लॉट, खाली हॉल-किचन, वर दोन खोल्या, दारात कडुनिंब. लेकीला बघताक्षणी आवडलं. ३१ लाखांवर बोलणी आलीत. थोडे पीएफमधून काढणार, बाकी बँकेचं कर्ज.

घर विकणाऱ्यांच्या वडिलांनी १९९८ ला प्लॉट घेतला होता. ते २०१६ ला वारले. मागे दोन मुलं आणि एक मुलगी, ती हिंगोलीला दिलेली. मुलं म्हणतात, बहिणीने हक्क सोडलाय. कागद मागितला तर शंभराचा बॉण्ड दाखवला, त्यावर तिची सही आणि नोटरीचा शिक्का. मनपाच्या कराच्या पावत्या मात्र एकदम व्यवस्थित, प्लॅस्टिकच्या फोल्डरात लावलेल्या.

एजंट म्हणतो, "ताई, आपले वकीलसाहेब आहेत, ३ हजारांत सर्च (जुन्या दस्तांचा शोध) करून देतील. तुम्हाला जिंतूरहून चकरा मारायचं काम नाही." आणि सोमवारपर्यंत १ लाख इसार मागतोय.

आमच्या दोघांच्या घरात आजवर कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. एजंटचा वकील चालतो का? स्वतःचा शोधायचा तर कसा? त्याला काय विचारायचं? आणि फी किती घेतात? कृपया जाणकारांनी सांगावं. आयुष्यभराची कमाई आहे.

---

लातूरचा बाळू

ताई, कर्ज घेणार ना? मग बँकेच्या पॅनलवरचा वकील सगळं तपासतोच. त्याची फी तुमच्याकडूनच घेतात. दुसऱ्या वकिलाला कशाला पैसे घालता? माझा फ्लॅट असाच झाला, काही अडचण आली नाही.

---

निवृत्त मास्तर, परभणी

सिस्टर, सोमवारी इसार देऊ नका. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल, हे आधी ऐका.

बाळूभाऊंचा फ्लॅट बरा झाला, आनंद आहे. पण बँकेचा वकील बँकेसाठी वाचतो. अहवालावर बँकेचं नाव असतं, बऱ्याचदा आपल्याला त्याची प्रत सुद्धा मिळत नाही. कर्ज वसूल होईल का, एवढं त्यांना बघायचं असतं. त्यांचं काही चुकत नाही. पण उद्या भांडण उभं राहिलं तर हप्ते आपणच भरायचे आणि तारखाही आपणच करायच्या.

माझं सांगतो. २०१२ ला परभणीत दोन खोल्यांचं घर घेतलं. मीही तुमच्यासारखाच, शाळा सोडून दुसरं काही माहीत नव्हतं. एजंट म्हणाला, वकील आपलेच आहेत. वकिलाला मी एकदाच भेटलो, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर चहाच्या टपरीवर. त्यांनी दोन पानी सर्च रिपोर्ट हातात ठेवला. शेवटची ओळ मला अजून पाठ आहे: "सदर मिळकत निर्वेध व बोजारहित आहे." मी ती ओळ वाचली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. पहिलं पान नीट वाचलंच नाही. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं की शोध फक्त मागच्या १० वर्षांचा घेतला आहे, आणि पाहिलेले कागद कोणते, तर आधीचं खरेदीखत आणि घरपट्टीची पावती. मूळ गटाचा, म्हणजे प्लॉट पाडण्याआधीच्या जमिनीचा, सातबारा त्यांनी काढलाच नव्हता.

२०१७ ला वर एक खोली चढवायची म्हणून बांधकाम परवान्याला गेलो. तिथल्या क्लार्कने सातबारा मागितला. तलाठ्याकडून काढला तर वरच लिहिलेलं, भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. आणि इतर हक्कात नोंद, परवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी. जमीन मुळात मदतमाश इनामाची होती. निजामाच्या काळात कुणाला तरी निर्वाहासाठी दिलेली, पुढे तिचे प्लॉट पाडून विकले गेले. माझ्या आधी ते घर तीन हातांतून गेलं होतं आणि तिन्ही खरेदीखतं रीतसर नोंदवलेली होती. त्या दिवशी मला कळलं की निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची खात्री देत नाही. ती खात्री करणं आपलं काम आहे.

मी त्या वकिलांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी तर विकणाऱ्यातर्फे होतो." आणि ते खरंच होतं. त्यांची फी मी दिलीच नव्हती, एजंटने दलालीतून परस्पर दिली होती. ज्याला मी पैसे दिले नाहीत, तो माझा कसा असेल? नंतर उपविभागीय कार्यालयात, जिल्हाधिकारी कार्यालयात किती हेलपाटे घातले त्याची मोजदाद नाही. नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरावा लागला. ती खोली आजही झालेली नाही. पोरगी लग्न होऊन गेली, तिच्यासाठीच बांधायची होती.

म्हणून वकील कसा धरायचा ते माझ्या पद्धतीने सांगतो.

फी तुम्ही स्वतः द्यायची, स्वतःच्या खात्यातून, आणि पावती घ्यायची. एजंटने, विकणाऱ्याने किंवा त्यांच्या सोयऱ्याने सुचवलेला वकील नको, माणूस कितीही भला असला तरी. हायकोर्टाच्या खंडपीठात मोठ्या केसेस लढणाराच हवा असंही नाही. दिवाणी आणि महसुलाची कामं करणारा, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये ज्याचा पाय असतो असा हवा. तुमच्या दवाखान्यातल्या कुणी मागच्या चार-पाच वर्षांत शहरात घर घेतलंय का ते विचारा. आणि नुसतं "वकील कसा होता" असं विचारू नका. "त्याने तुम्हाला कधी थांबवलं का" असं विचारा. ज्या वकिलाने कुणाला एखादा व्यवहार सोडून द्यायला लावलाय, त्याच्याकडे डोळे झाकून जा.

पहिल्या भेटीत त्याला विचारा की मूळ गटाचा सातबारा आणि सगळे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढणार का. शोध किती वर्षांचा घेणार? किमान ३० वर्षांचा हवा. ऑनलाइन शोधात आपल्याकडे साधारण २००२ च्या पुढचे दस्त दिसतात, त्याआधीची सूची २ ची (नोंदवलेल्या दस्तांच्या यादीची) रजिस्टरं कार्यालयात जाऊनच बघावी लागतात. ते स्वतः जाणार की पोरगा पाठवणार, हेही विचारा. रिपोर्टमध्ये पाहिलेल्या प्रत्येक कागदाची यादी आणि प्रती लावून मागा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणार का, आणि इसार पावतीचा मसुदा तेच करणार का, हेही आधीच ठरवा. इसार पावतीत एक अट घालून घ्या की कागदपत्रांत दोष निघाला तर पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. या एका ओळीने माझ्या साडूचे २ लाख वाचले.

फीचं म्हणाल तर मागच्या वर्षी माझ्या पुतण्याने संभाजीनगरला शोध, नोटीस आणि खरेदीखताचा मसुदा मिळून १५ हजार दिले. ३१ लाखांच्या व्यवहारात ३ हजारांचा वकील बघून खूश होऊ नका. त्या पैशांत कोण रेकॉर्ड रूममध्ये दिवस घालवेल?

आता तुमच्या बॉण्डबद्दल. घर-जमिनीवरचा हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. नोटरीच्या शिक्क्याने बहिणीचा हक्क जात नाही. ती वारस आहे, भावांइतकीच. तिची सही खरेदीखतावर घ्या, नाहीतर आधी हक्कसोडपत्र नोंदवू द्या. आणि जमलं तर तिच्याशी एकदा स्वतः बोला. काही ठिकाणी बहिणीला पत्ताच नसतो की घर विकायला काढलंय.

---

रेकॉर्ड रूम

गुरुजींनी बहुतेक सगळं सांगितलं. मी ३४ वर्षं महसुलात काढली, त्यातली बरीचशी जुन्या दप्तरात. दोन गोष्टी जोडते.

मराठवाड्यात ३० वर्षांचा शोध पुष्कळदा अपुरा पडतो, कारण आपलं दुखणं त्याच्याही मागे असतं. वकिलाला १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढायला सांगा. गट कुणाच्या नावाने होता, कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारा) होतं का, इनाम होतं का, वक्फ किंवा देवस्थानची नोंद आहे का, याचा माग तिथून लागतो. हैदराबाद कूळकायद्यातली जमीन असेल तर विक्रीची परवानगी होती का, हे त्या काळच्या फेरफारात बघावं लागतं. काही जुने कागद उर्दूत आहेत. चांगला वकील ते वाचून घ्यायला जाणकार माणूस शोधतो. "ते जुनं सोडा हो" म्हणाला तर तुम्ही त्याला सोडा.

दुसरं, सातारा-देवळाईत एनए (बिगरशेती परवानगीचे) ले-आउट आणि गुंठेवारी (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले प्लॉट) शेजारी शेजारी आहेत. बाहेरून घरं सारखीच दिसतात. तुमचा प्लॉट एनए आदेशातल्या मंजूर नकाशात आहे की गुंठेवारीतला, हे प्लॉट नंबर घालून बघायला सांगा. गुंठेवारी असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली आहेत, पण अर्ज केल्याची पावती आणि मंजूर प्रमाणपत्र या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लोक पावतीच दाखवतात.

आणि सिस्टर, तुम्ही स्वतः कमावता. घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. तुमच्या व्यवहारात ३१ हजार होतात. वकिलाचे निघून पुन्हा वर उरतील.

---

जिंतूरची सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, रात्रपाळ्या होत्या.

इसार दिला नाही. एजंटला सांगितलं, माझे वकील कागद बघतील, मग देते. तो दोन दिवस बोलला नाही, मग स्वतःच फोन केला.

आमच्या दवाखान्यातल्या लॅबवाल्या मॅडमनी एक वकील सुचवल्या. त्यांनी मॅडमना एक प्लॉट सोडायला लावला होता, तेवढ्यावरच मी गेले. फी १४ हजार ठरली, अर्धी आधी. पहिल्याच भेटीत त्यांनी मी काही बोलायच्या आधी कराच्या पावत्यांचं फोल्डर बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "गट नंबर सांगा." मला तो माहीतच नव्हता. खरेदीखताच्या झेरॉक्सवर बोट ठेवून त्यांनी मला दाखवला.

बारा दिवसांनी फोन आला. खासरा पाहणीत गट खाजगी मालकीचाच आहे, इनाम किंवा वक्फची नोंद नाही, एनए आदेश आहे आणि आमचा प्लॉट मंजूर नकाशात आहे. रेकॉर्ड रूमवाल्या ताई, हे ऐकताना मला तुमची आठवण आली. अडलं ते बहिणीपाशीच. वडील गेल्यावर वारसांत फक्त दोन भाऊ लावलेत, तिचं नावच नाही.

गुरुजींचं ऐकून मी हिंगोलीला त्यांना फोन केला. घाबरतच केला. बॉण्डवर सही त्यांचीच होती, पण त्यांना सांगितलं होतं की वीज मीटर नावावर करायला लागते. विकायला काढलंय हे त्यांना माहीत नव्हतं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, दारातला कडुनिंब त्यांनी लावलाय.

आता भावाबहिणींचं आपसात बोलणं झालंय. तिसरा हिस्सा त्यांच्या खात्यात स्वतंत्र चेकने द्यायचा आणि खरेदीखतावर तिघांच्याही सह्या, असं आमच्या वकील मॅडमनी मसुद्यात लिहिलंय. जाहीर नोटीस काल छापून आली, हरकतींसाठी १५ दिवसांची मुदत आहे. तोवर पैसे माझ्याच खात्यात आहेत. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतोय, मिस्टरच म्हणाले.