एमएस्सी केमिस्ट्रीनंतर सोलर मटेरियल्समध्ये पीएचडी करावी का? कुणी केलंय का?

वारणाकाठ
नमस्कार सगळ्यांना. मी एमएस्सी फिजिकल केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सांगली जिल्ह्यातली. आमच्या रानात दोन वर्षांपूर्वी सोलर पंप बसला आणि पप्पांचं रात्री बारा-एकला उठून मोटर चालू करायला जाणं बंद झालं, तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे पॅनेल आतून नेमकं चालतं कसं. म्हणून प्रोजेक्टही तसाच घेतला, केमिकल बाथने, म्हणजे काच रसायनांच्या द्रावणात बुडवून, तिच्यावर कॅडमियम सल्फाइडची पातळ फिल्म केली, तो पिवळा थर पहिल्यांदा एकसारखा आला त्या दिवशी लॅबमधून निघावंसंच वाटेना.

आता कुरकुंभला एका फार्मा कंपनीत क्यूसीची (मालाची गुणवत्ता तपासायची) नोकरी मिळतेय. घरचे म्हणतात घेऊन टाक. मला पीएचडी करायचीय, पेरोव्स्काइटवर, म्हणजे सिलिकॉनऐवजी सोलर सेलमध्ये वापरायच्या एका नव्या प्रकारच्या क्रिस्टल मटेरियलवर. पण केमिस्टला सोलरमध्ये खरंच काम असतं का? सगळे म्हणतात ते इंजिनिअरचं फील्ड आहे. आणि पाच वर्षं घालवून पुढे काहीच नाही झालं तर?

काळी_फिल्म
मी पेरोव्स्काइटवरच पीएचडी केली, आता पुण्यात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करतेय, त्यामुळे जे बघितलंय तेच सांगते. इंजिनिअरचं फील्ड आहे हे डोक्यातून काढून टाक. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या ग्रुपने पहिल्यांदा हे मटेरियल सेलमध्ये वापरलं तेव्हा एफिशियन्सी, म्हणजे उन्हातली किती ऊर्जा विजेत बदलते ते, होती ३.८ टक्के, आणि आतलं लिक्विड इलेक्ट्रोलाइट त्याच मटेरियलला विरघळवून टाकायचं, सेल काही मिनिटांत खलास. २०१२ मध्ये ते लिक्विड काढून सॉलिड थर घातला आणि आकडा दहाच्या आसपास गेला, आज २६ च्या वर आहे. सिलिकॉनला १९५४ च्या ६ टक्क्यांवरून २५ पर्यंत यायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली. इथे एवढ्या वेगाने झालं त्यात मोठा वाटा केमिस्ट्रीचा आहे, सॉल्व्हंट कुठला, क्रिस्टल किती वेगाने वाढू द्यायचा, कडेला काय लावायचं, हेच सगळं.

रोजचं काम कसं असतं ते सांगते म्हणजे तुला अंदाज येईल. काच घासायची, साबण, पाणी, अ‍ॅसिटोन, आयपीए, ह्यातच सकाळ जाते. मग ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे ओलावा नसलेल्या बंद पेटीत, लेड (शिसं) आयोडाइड आणि दुसरं सॉल्ट डीएमएफ-डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून स्पिन कोटरवर, काच गरगर फिरवणाऱ्या मशीनवर, टाकायचं, फिरत असतानाच ठरलेल्या सेकंदाला वरून क्लोरोबेन्झीन सोडायचं, दोन-तीन सेकंद इकडे तिकडे झाले की फिल्म गेली. हॉट प्लेटवर १०० डिग्रीला ठेवली की बघता बघता काळी होते. ती आरशासारखी काळी आली की समजायचं जमलं.

आणि आता वाईट बाजू. माझ्या दुसऱ्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या ग्लोव्ह बॉक्सचं हवा कोरडी ठेवणारं प्युरिफायर बंद पडलं, दुरुस्तीची फाइल तीन महिने फिरत राहिली, आणि बाहेर केलेल्या काळ्या फिल्म्स सकाळी येऊन बघावं तर पिवळ्या पडलेल्या. ओलाव्याने ते मटेरियल तुटतं आणि मागे पिवळं लेड आयोडाइड उरतं. जुलै ते सप्टेंबर एकही धड सेल निघाला नाही, मी रडलेय लॅबमध्ये बसून. पण तेव्हापासून मला एक पक्कं कळलं, रेकॉर्डच्या मागे जगभरचे मोठे ग्रुप आहेत, आपल्याला करण्यासारखं खरं काम टिकवण्यात आहे. पॅनेलला ८५ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवून बघतात, सिलिकॉन त्यातून पास होतं आणि पुढे २५ वर्षं छपरावर राहतं. पेरोव्स्काइटला तिथपर्यंत न्यायचं असेल तर केमिस्टशिवाय कोण नेणार?

सेल_लाइन
पीएचडी म्हणजेच सोलर असं नाही हे पण लक्षात घे ताई. मी साधा एमएस्सी, गुजरातमध्ये सेल बनवायच्या लाइनवर आहे सहा वर्षं. वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून त्यावर बारीक पिरॅमिड उठवतात म्हणजे प्रकाश परत जात नाही, त्या बाथचं काँसंट्रेशन आणि अ‍ॅडिटिव्ह सांभाळणं हे रोजचं काम. पुढे फॉस्फरस किंवा बोरॉनचं डिफ्युजन, मग चांदीची पेस्ट, तिच्यात चांदीची पावडर, काचेची भुकटी आणि ऑरगॅनिक माल असतो, सगळी केमिस्ट्रीच. मोड्यूलमध्ये (तयार पॅनेलमध्ये) सेलच्या खाली-वर ईव्हीए नावाच्या प्लास्टिकची शीट असते, ती उन्हाने आणि ओलाव्याने वर्षानुवर्षं खराब होत गेली की आत अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं आणि जोड गंजतात, ते तपासायलाही केमिस्टच लागतो. सुरुवातीचा पगार मला फार्माच्या क्यूसीएवढाच होता, शिफ्ट ड्युटी आहे, घरापासून लांब. पण काम रोज शिकवणारं आहे हे मी मनापासून सांगतो.

मधेच_सोडलेला
मी वेगळं सांगणार. पीएचडीला जा पण नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, काढूनच जा. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० मिळतात, वर घरभाडं (एचआरए), आणि ती फेलोशिप तुझ्या नावावर असते. मी एका प्रोजेक्टवर लागलो होतो, प्रोजेक्टचे पैसे संपले आणि माझेही संपले, साडेतीन वर्षांनी सोडावं लागलं, अजून वाईट वाटतं. गाइडचे पेपर किती हे बघू नको, त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचार की किती वर्षांत सबमिट होतं, इव्हॅपोरेटर (सेलवर धातूचा थर चढवायचं मशीन) स्वतःच्या लॅबमध्ये आहे की दुसऱ्या डिपार्टमेंटला हात जोडावे लागतात. आणि तुझ्या जवळच कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मचं काम कितीतरी वर्षांपासून चालतं, केमिकल बाथ, स्प्रे, सगळं, तिथून शिकून कोरियाला पोस्टडॉकला गेलेली बरीच मुलं आहेत. मुंबईला आयआयटीत २०१० पासून फोटोव्होल्टाइकचं राष्ट्रीय केंद्र आहे, पुण्यात एनसीएल, आयसर या संशोधन संस्था आहेत. लांब जायची गरज नाही.

वारणाकाठ
सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचलं. नेटचा फॉर्म भरतेय. एक शंका राहिली, पप्पांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले शिसं असलेलं पॅनेल रानात लावायचं आणि फुटलं तर? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काळी_फिल्म
पप्पांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. गणित तूच करून बघ, थर अर्धा मायक्रॉन जाडीचा, घनता साधारण ४, वजनात शिसं एक तृतीयांश, म्हणजे एका चौरस मीटरला एक ग्रॅमच्याही खाली येतं. सिलिकॉन पॅनेलच्या सोल्डरमध्येही (तारा जोडायच्या डाकात) बऱ्याचदा शिसं असतंच. पण म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण पेरोव्स्काइटमधलं शिसं पाण्यात जातं, सोल्डरमधलं तसं सहज जात नाही. त्यामुळे फुटलं तरी शिसं धरून ठेवतील असे थर बनवायचं काम चालू आहे, आणि शिशाऐवजी टिन घालायचंही, पण सेलला लागणारं टिनचं रूप, टिन टू, हवेतल्या ऑक्सिजनने लगेच टिन फोर होतं आणि सेल पडतो. यातलं कुठलंही एक थिसिसला पुरेल.

वारणाकाठ
मग तुमची लॅब एकदा बघायला आले तर चालेल का ताई?

काळी_फिल्म
ये की. फक्त दिवाळीनंतर ये, हवा कोरडी असते, तुझ्या हाताने एक फिल्म काळी करून दाखवते.