आधी पाणी आणि सांडपाणी बघा

तुमच्या मित्राला बेळगावात बिअर बनवायला जागा हवी आहे आणि टिळकवाडीतली मुख्य रस्त्यावरची जागा गिऱ्हाईक येईल म्हणून आवडली आहे, हे वाचलं. माझं मत वेगळं आहे. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि धुण्यापुसण्यासकट एका लिटरमागे पाच-सात लिटर पाणी सहज जातं. बेळगावला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, पण नळाच्या भरवशावर राहू नका. विहीर किंवा बोअर असेल तर मे महिन्यात आणि भर पावसात, दोनदा तपासून घ्या. पाण्यात बायकार्बोनेट (एक विरघळलेला क्षार) जास्त असेल तर फिकट बिअरला तुरट चव येते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तर काढावंच लागतं, नाहीतर औषधासारखा वास येतो.

सांडपाण्यात साखर, यीस्ट असतं. प्रक्रिया न करता ते गटारात सोडलं की शेजारी तक्रार करणारच, आणि त्यांचं चूक नाही. म्हणून मला उद्यमबाग किंवा मच्छेची औद्योगिक वसाहत बरी वाटते: थ्री-फेज वीज, उंच छत, ट्रक आत येतो. हजार लिटरची भरलेली टाकी टनाहून जड, त्यामुळे तळमजलाच घ्या. बिअर बनवून उरलेला धान्याचा चोथा त्याच दिवशी आसपासच्या गोठ्यांना देता येतो. भाडेकरार मात्र अबकारी खात्यात चौकशी केल्याशिवाय करू नका.