भरतपूरच्या दगडावरचे आकडे: बदकांच्या शिकारीने तळं राखलं, असं म्हणावं का?

अनघा_पु:

जानेवारीत राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानात जाऊन आले. केवलादेवच्या देवळाजवळ दगडात कोरलेली एक यादी आहे, तिच्यासमोर पाय अडले. तारीख, पाहुणा कोण, पाखरं किती पाडली. १९०२ साली लॉर्ड कर्झन, ५४०. १९१६ साली चेम्सफर्ड, ४,२०६. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, ४,२७३. हा एकेका दिवसाचा हिशेब. त्याच सकाळी समोरच्या पाण्यातले थापटे, तलवार बदकं, चक्रांग असे सगळे मिळून मोजायचा प्रयत्न मी केला होता. सहाशेच्या पुढे मोजणी चुकली आणि सोडून दिली. यादी वाचताना ते सहाशे डोळ्यांसमोर होते.

आमच्या गटातले एक गृहस्थ म्हणाले, "नावं ठेवू नका. या बंदुका नसत्या तर आज इथे मोहरीची शेतं असती." परतीच्या गाडीत तीच चर्चा पुढे चालली. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बदकांची शिकार रीतसर चालते, त्यातून पाणथळी राखल्या जातात, आपणच १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा करून हात बांधून घेतले, वगैरे. पक्षी पाहायला आलेली माणसं हे बोलत होती, म्हणून जास्त लागलं.

माझं म्हणणं असं. तळं राखलं ते पाण्याने. संस्थानाने हौसेपायी पाणी आणलं हे खरं, पण ती हौस शिकारीची होती एवढ्यावरून शिकारीलाच राखणदार ठरवणं मला मान्य नाही. सायबेरियातून, मध्य आशियातून डोंगर ओलांडून आलेलं पाखरू थंडीपुरतं विसाव्याला उतरतं. त्याला त्या विसाव्याच्या जागीच गाठायचं, याला मी खेळ म्हणू शकत नाही. तुम्हा सगळ्यांचं मत ऐकायचं आहे, विरोधी असेल तर आधी ऐकायचं आहे.

दिनकरकाका:

अनघाताई, विरोधी मत मागितलंत म्हणून लिहितो.

"पाण्याने राखलं" म्हणता, तर ते पाणी आणलं कुणी? ती जागा मुळात एक उथळ खोलगट पट्टा. अठराव्या शतकात भरतपूरचा राजा सूरजमल याच्या काळात अजान बांध झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने खास बदकांसाठी चर खणले, बांध घातले, पाणी हवं तसं चढवता-उतरवता येईल अशी दारं बसवली. हे कुणी दानधर्म म्हणून केलं नाही. स्वातंत्र्यानंतर ती जमीन शेतीला मोकळी करा, अशी मागणी झाली, आणि पक्षीतज्ज्ञ सालिम अलींसारखी माणसं आड उभी राहिली म्हणून तळं टिकलं. पण आड उभं राहावं असं काही तिथे होतं, ते आधीच्या पन्नास वर्षांमुळे.

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं अमेरिकेत काढली. शेजारी बदकांचा शिकारी. त्याच्याबरोबर पहाटेच्या अंधारात गवताच्या आडोशाला, गुडघाभर गार पाण्यात बसलो आहे. बंदूक कधी हातात घेतली नाही. तो प्रत्येक पक्षी उडता उडता ओळखायचा, कारण कुठल्या जातीची किती पाडायची याचा रोजचा कोटा ठरलेला असतो आणि चूक झाली तर दंड होतो. त्याच्या खिशात दर वर्षी बदकाचं चित्र असलेला सरकारी स्टॅम्प असायचा. १९३४ साली तो सुरू झाला तेव्हा एक डॉलरचा होता, आता २५चा आहे. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक शिकाऱ्याला सक्तीचा. त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळीची जमीन घेण्यावर आणि राखण्यावर जातात. आजवर साठ लाख एकरांहून जास्त जमीन त्या पैशातून राखली गेली. १९३०च्या दशकात दुष्काळाने तळी आटली, बदकं झपाट्याने घटली, तेव्हा खिशात हात घातला तो शिकाऱ्यांनी. आपण दुर्बीणवाल्यांनी किती एकर राखले, हे एकदा मोजू या.

तांबट:

काका, तुमचा शेवटचा प्रश्न झोंबला. झोंबायलाच हवा होता. पण त्याचं उत्तर तुमच्याच उदाहरणात आहे. तो स्टॅम्प फक्त शिकारीच घेतो असं नाही. तिथे कुणीही विकत घेऊ शकतं, पक्षी पाहणारेही घेतात. म्हणजे जमीन राखली ती स्टॅम्पने. बंदूक सोबत असलीच पाहिजे असं त्या व्यवस्थेत काहीच नाही.

मी पशुवैद्य आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. आकडा नेहमी पडलेल्या पाखरांचा लिहितात, भरतपूरच्या दगडावरही तोच आहे. बाराबोअरच्या एका काडतुसात दोन-तीनशे छर्रे असतात आणि ते पसरत जातात. ज्या पाखरावर नेम धरला ते पडलं, शेजारच्याला दोन छर्रे चाटून गेले, ते लव्हाळ्यात जाऊन दडलं. त्याची नोंद कुणाच्या यादीत नाही. डेन्मार्कमध्ये १९९०च्या दशकात जिवंत हंसांचे क्ष-किरण फोटो काढले, तेव्हा मोठ्या वयाच्या गुलाबी पायांच्या हंसांपैकी सुमारे तिनात एकाच्या अंगात छर्रे निघाले. हे वाचलेले पक्षी. न वाचलेल्यांचा फोटो कोण काढणार?

आणि शिसं. बदक दाणे दळण्यासाठी चिखलातले बारीक खडे गिळतं, ते पेषणीत साठवतं. तळाशी पडलेला छर्रा त्याला खड्यासारखाच. पेषणीत तो झिजतो, आम्लात विरघळतो, रक्तात जातो. पंख गळून पडल्यासारखे होतात, उडता येत नाही, खाणं तुंबतं, पाखरू काडीसारखं होऊन मरतं. गोळी न लागलेलं पाखरू त्याच गोळीने महिन्यांनंतर मरतं. भरतपूरच्या गाळात पन्नास-साठ हिवाळे शिसं पडलं, त्याने किती पाखरं गेली असतील याचा विचार मी अनेकदा करतो.

दिनकरकाका:

डॉक्टर, शिशाबद्दल वाद नाही. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१पासून देशभर बंद आहेत, इंग्लंडमध्ये १९९९पासून. आता पोलाद वगैरे वापरतात. ब्रिटनमध्ये आणखी एक नियम आहे. कडाक्याची थंडी सलग दोन आठवडे टिकली की बदकांची शिकार सरकार थांबवतं, कारण तेव्हा पाखरांना खायला मिळत नाही आणि उडवाउडवीत त्यांची उरलीसुरली ताकद जाते. शिकाऱ्यांना जमेल असं नियमन करता येतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

तांबट:

इंग्लंडमधली बंदी आली तरी ती पाळली जात नाही अशा तक्रारी तिथेच वर्षानुवर्षं चालू आहेत. नियम कागदावर येणं आणि पहाटेच्या धुक्यात दलदलीत तो पाळला जाणं, यातलं अंतर आपल्याकडे किती असेल ते तुम्हीच सांगा. रात्री जाळी लावून बदकं पकडणाऱ्यांना आपल्याकडे कोण पकडतं? उद्या दहा पाखरांचा परवाना असलेल्याच्या पिशवीत अकरावं आहे का हे बघायला मध्यरात्री कोण जाणार आहे?

गोदाकाठ:

"शिकारीशिवाय पाणथळ टिकत नाही" हे म्हणणाऱ्यांनी एकदा नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला यावं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा बंधारा १९०७ ते १९१३ दरम्यान झाला, तो कालव्यांना पाणी देण्यासाठी. मागे गाळ साठला, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आपसूक आले. अभयारण्य १९८६ साली, पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत २०२० साली, महाराष्ट्रातलं पहिलं. कुणा राजाला चार हजार पाखरं पाडायची नव्हती. शेतकऱ्याला पिकं जगवायची होती.

दिनकरकाका:

हे उदाहरण चांगलं आहे आणि मी ते विसरलो होतो. पण ते माझ्याच बाजूने बोलतं. कुणाला तरी पाण्याची गरज होती म्हणून पाणी राहिलं. भरतपूरची अडचण ही आहे की शिकार गेली आणि त्या जागी दुसरी गरज उभी राहिली नाही. गंभीर नदीवर पांचना धरण झाल्यावर वरचे शेतकरी म्हणाले, आमचं पाणी आम्हाला. त्यांचं चूक नव्हतं. पण उद्यान कोरडं पडलं. मग गोवर्धनच्या नाल्यातून, चंबळच्या नळातून पाणी आणायची वेळ आली. संस्थानात ही वेळ येत नव्हती.

माळढोक:

संस्थानात ती वेळ येत नव्हती, कारण संस्थानात वरच्या शेतकऱ्याला तोंड उघडता येत नव्हतं. हेही लिहा काका.

आणि एक गोष्ट कुणीच बोलत नाही म्हणून बोलतो. राजाने हजारांनी पाखरं पाडली तर दगडावर नाव लागलं. माझ्या गावाकडचे पारधी पोटापुरती फासकी लावायचे, तर इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलिसांच्या वहीतून नाव गेलं नाही. शिकार परवान्याने सुरू करा म्हणता, परवाना कुणाला मिळेल? ज्याच्याकडे बंदूक, गाडी आणि शहरात ओळख आहे त्याला.

भरतपूरमध्येही तेच झालं. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि म्हशींची चराई एका फटक्यात बंद केली. लोकांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. नंतर काय झालं? म्हशी खात होत्या ते पाण्यातलं पास्पालम गवत माजलं, उघडं पाणी त्याने गिळलं, बदकांनाच जागा उरेना. हे मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) दहा वर्षं अभ्यास करून लिहून ठेवलं आहे. तळं राखणारी म्हैस होती. तिची कुणी नोंद केली नाही.

अनघा_पु:

माळढोक, हे मला पूर्ण माहीत नव्हतं. गवताचं वाचलं होतं, गोळीबाराचं नाही. त्या दगडाशेजारी हेही कोरायला हवं होतं.

विहंग_व:

उशिरा लिहितोय, आणि कुठल्या बाजूने लिहितोय ते मलाही नीट सांगता येणार नाही.

माझे वडील शिकारी होते. १९६०च्या दशकात मराठवाड्यातल्या तलावांवर थंडीत जायचे, बाराबोअर दुनळी घेऊन. मी लहान, पाखरं आणायला पाण्यात मीच उतरायचो. एकदा एका भिवई बदकाच्या पायात ॲल्युमिनियमचं वाळं निघालं. त्यावर नंबर आणि मुंबईच्या बीएनएचएसला कळवा, असं कोरलेलं. वडिलांनी ते काढून पोस्टाने पाठवलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं, ते बदक भरतपूरला वाळं घातलेलं होतं. वडील ते पत्र पाहुण्यांना दाखवायचे. भरतपूरची पाखरं सायबेरियात कुठे जातात, हे जे आपण आज पुस्तकात वाचतो, त्यातलं बरंचसं तिकडच्या शिकाऱ्यांनी अशीच वाळी पाठवली म्हणून कळलं.

म्हणून काकांचं बोलणं मला पूर्ण झिडकारता येत नाही. शिकाऱ्याला पाखरू कळतं. माझ्या वडिलांना अंधारात नुसत्या पंखांच्या आवाजावरून जात सांगता यायची, मला दुर्बीण असूनही येत नाही.

पण लव्हाळ्याचं डॉक्टरांनी लिहिलं ते वाचून रात्री झोप लागली नाही. कारण पाण्यात उतरणारा मी होतो. पडलेली सगळी पाखरं मी कधीच आणू शकलो नाही. लव्हाळ्यात सळसळ ऐकू यायची, मी हात घालायचो, ते आणखी आत जायचं. वडील काठावरून ओरडायचे, "राहू दे, अंधार पडतोय." १९७२ नंतरही परवाना काढून काही शिकार करता येत होती, १९९१च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. वडिलांनी त्याच्या बऱ्याच आधी बंदूक जमा केली होती. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दिनकरकाका:

विहंगराव, तुमच्या वडिलांबद्दल वाचून गलबलून आलं. माझं मत बदललेलं नाही, पण त्या लव्हाळ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. शेजाऱ्याकडे शिकवलेला कुत्रा होता, तोही कधीच रिकाम्या तोंडी परत आला नाही असं मी म्हणू शकत नाही.

अनघा_पु:

काका, पाण्याचं तुमचं म्हणणं मी मान्य करते. गरज नसेल तर पाणी कुणी सोडत नाही, हे मी धागा काढताना मनावर घेतलं नव्हतं. बंदुकीचं अजूनही मान्य नाही, आणि विहंग यांचं वाचल्यावर तर मुळीच नाही. स्टॅम्पसारखं काही दुर्बीणवाल्यांसाठी आपल्याकडे सुरू करता येईल का, यावर वेगळा धागा काढते. तांबट, त्यात तुमची मदत लागेल. माळढोक, चराईबद्दल तुम्ही लिहा, मी मध्ये बोलणार नाही.

ऑगस्टमध्ये परत भरतपूरला जाते आहे. तेव्हा थंडीत येणारी बदकं नसतात. दारं उघडतात का आणि आत पाणी किती येतं, ते बघायचं आहे.