कोळशाचा कण डोळ्यात गेलाय का कधी? वाफेच्या इंजिनांचे अनुभव

चिमणीधूर:
काल बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याचं कव्हर झटकलं तर कोपऱ्यातून काळी पूड पडली. दार्जिलिंगची! सतरा वर्षं झाली. घुमपर्यंतची वाफेची फेरी होती. इंजिनाच्या पुढच्या टोकाला दोन माणसं बसलेली, चाकं घसरायला लागली की रुळांवर हातानं वाळू टाकत. कोळशावर तिसरा, हातोडीनं ढेकळं फोडतोय. बाबांचं सगळं लक्ष तिकडेच. "बघ बघ, फोडतोय!" बतासियाला गाडी वेटोळं घालून स्वतःचाच रूळ ओलांडते, तेव्हा आई डोळ्यात गेलेल्या कणापायी पदराचा बोळा फुंकून डोळ्याला लावत बसलेली. कांचनजंगा राहिलं ते राहिलंच. अजून बाबांना ऐकवते.
इंजिनामागे बसण्याचे तुमचेही अनुभव येऊ द्या.

दातेरी:
निलगिरीची डोंगरगाडी. पहिला डबा मिळाला म्हणून आम्ही खूश, आणि इंजिन शेवटाला! कुन्नूरपर्यंत ते मागून ढकलतं. कल्लारपुढे मधला दातेरी रूळ सुरू झाला तरी लेकाचं एकच, "इंजिन कुठाय?" हिलग्रोव्हला पाणी भरायला थांबली तेव्हा त्याला काखेत मारून अख्खी गाडी पळत गेले. जवळ पोचलो आणि शिट्टी झाली. घाबरून जो रडलाय!

गप्पिष्ट:
ढकलतं म्हणजे 'इंजिनामागे बसण्याचा' अनुभव बाद 😄

दातेरी:
उतरताना पुढे असतं हो. तो धरा.

रूळावरची सून:
सासरे लोको शेडमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांना रेवाडीला नेलं, तिथे जुनी इंजिनं चालू स्थितीत ठेवलीत. 'अकबर' नावाचं इंजिन वाफेवर होतं, डब्ल्यूपी 7161, 1965 चं, चित्तरंजन कारखान्यातलं. आम्ही फोटोत गुंग. मामंजी डोळे मिटून उभे, बोट माझ्या मनगटावर. चाकाच्या एका फेऱ्याला वाफेचे चार ठोके, तेवढेच बोटानं वाजवत होते. बराच वेळ. मग "सारखे येतायत" म्हणाले आणि सावलीत जाऊन बसले. फोटो एकही धड नाही.

गप्पिष्ट:
ताई, मनगटाचं वाचून कसंसंच झालं.

मोबाईलवरून:
घाईत लिहितोय. अमेरिकेत 'बिग बॉय' 4014 हे वाफेचं इंजिन पाहिलं, 2019 ला पुन्हा धावायला लागलं तेव्हा. 1941 चं धूड. फाटकाशी आजी चाकं मोजत होती, आमच्या बाजूची मोठी आठ झाली, मग गाडी गेली. नंतर कळलं की दुरुस्तीत तेलावर नेलंय, कोळसा नाहीच. आजी म्हणाली, "मग कण कुठला जायला डोळ्यात? फुकट डोळे झाकले."

नवखा:
विषयांतर, पण पांढऱ्या सदऱ्यावरची काजळी कशी जाते? कालच गेलो होतो अशा गाडीला.

रूळावरची सून:
पाणी लावू नका आधी! नुसतं झटका. चोळलीत तर पसरलीच.

नवखा:
चोळली 😐

चिमणीधूर:
आईला धागा वाचून दाखवला. म्हणते त्या दिवशी धुकंच होतं, कांचनजंगा कोणालाच दिसलं नाही. मग सतरा वर्षं बाबांना बोलणी कशाची? बाबा पेपरमागून म्हणाले, "मी काही बोललो का?"

नवखा:
दोनदा भिजवला. डाग आता राखाडी आहे.