पायाखालचं फडताळ: व्हॅनच्या तळातली जागा तुम्ही कशी वापरलीत?

मालवाहू व्हॅनचं घर करायला घेतलं की माणूस सुरुवातीला भिंती आणि छतच बघत बसतो. कपाटं कुठे, पलंग आडवा की उभा, खिडकी कापायची की नाही. तळाकडे लक्ष जातं ते पत्र्यावर प्लाय ठोकून झाल्यावर. माझं तर दोन वर्षांनी गेलं. सरकत्या दाराची पायरी असते ना, चढताना पाय टेकवायची, ती खोलगट जागा मी सपाट फ्लोअरच्या हौसेपायी प्लायखाली घेतली होती. परवा मोजपट्टी लावली तर एक बऱ्यापैकी बॅग सहज मावेल एवढी पोकळी तिथे आहे. म्हणजे होती. ती मी स्वतःच्या हातांनी स्प्रे फोमनं गच्च भरून टाकली आहे, का तर पाऊल टाकल्यावर पोकळ आवाज येऊ नये!

तर मंडळी, तुमच्या पायाखाली काय आहे? या धाग्यावर उत्तर द्या, वर आपलं टोपणनाव टाकून. पायरी, दुहेरी फ्लोअर, चाकांच्या कमानींमधली जागा, ओट्याखालची फट, गाडीच्या पोटाखाली टांगलेल्या टाक्या, सगळं चालेल. फसलेलं आधी सांगा. आणि झाकण कसं उघडतं तेही लिहा, कारण ठेवणं सोपं असतं, काढताना पलंग उचलावा लागतो.

ओले बूट

पायरीपासूनच सुरू करते. माझ्याकडे त्याच जागेत बुटांची पेटी आहे. ओले बूट दारातच काढायचे, झाकण उचलून आत टाकायचे, आत कोरड्या पायांनी फिरायचं. पाणी साचू नये म्हणून तळाशी निचऱ्याचं एक भोक पाडलं. कापलेल्या पत्र्याच्या कडेला प्रायमरचे दोन हात दिले आणि रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं, बसवलं, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

झाकणानं मात्र रडवलं. १२ मिमी प्लाय, चौकटीत अगदी फिट्ट बसवलेला, केस जाईल एवढीही फट नाही. आठवडाभर स्वतःच्याच कारागिरीकडे बघून खूश होते. मग पहिला पाऊस झाला, प्लायच्या कडा फुगल्या आणि झाकण असं अडकलं की बोट घालायच्या भोकातून ओढताना मीच मागे आपटले. बूट आत, मी अनवाणी. शेवटी पटाशीनं उचकटलं, चारी बाजूंनी रंधा मारून ३ मिमीची फट ठेवली आणि कडा आतल्या बाजूला थोड्या तिरक्या केल्या. कडांना वॉर्निश आधी पाजायचं असतं, वरच्या पृष्ठभागाला नंतर, हे तेव्हा कळलं.

सात नव्हे दोन सीट

माझी गाडी खरं तर व्हॅन नाही, मिनीव्हॅन आहे: डॉज ग्रँड कॅराव्हॅन. हिच्यात जागा कंपनीनंच खणून ठेवली आहे. क्रायस्लर-डॉजनं २००५ च्या मॉडेलपासून ‘स्टो अँड गो’ सीट आणल्या. मधल्या रांगेच्या सीट दुमडून फ्लोअरमधल्या हौदात जातात, मागच्या रांगेसाठी मागे वेगळा खड्डा. सीट काढून टाकल्या की पुढच्या सीटच्या मागे झाकणवाले दोन हौद आयते मिळतात. एकात हत्यारं, दोर आणि केबली, दुसऱ्यात थंडीचे कपडे. मागच्या खड्ड्यात डिकीच्या बाजूनं हात घालता येतो, म्हणून तिथे शेगडी आणि भांडी.

पहिला गाढवपणा असा की पलंगाचा पुढचा पाय बरोबर हौदाच्या झाकणावर आला. नकाशात तो पाय कागदावरचा ठिपका होता हो! थंडी पडल्यावर स्वेटर काढायचा तर गादी गुंडाळा, फळ्या काढा, पाय सोडवा. तीन रात्री मी स्वेटर न घालता काढल्या, एवढंच सांगतो. आता पलंगाला तिथे पाय नाही. आडवी पट्टी आहे, तिचं वजन हौदाच्या पलीकडे उतरतं. झाकणावर काहीच टेकत नाही.

दुसरा प्रकार यापेक्षा वाईट. माझ्या गाडीच्या पिढीत स्टेपनी मागे नसते, पोटाखाली मधोमध टांगलेली असते, आणि ती खाली सोडायचा नट असतो आत, पुढच्या दोन सीटच्या मध्ये, एका छोट्या टोपणाखाली. त्याच जागेवर मी हौसेनं कप्प्यांचं कपाट स्क्रूनं पक्कं केलं होतं आणि वर व्हिनाइल चिकटवलं होतं. पंक्चर झाल्यावर जॅक सापडला, पाना सापडला, स्टेपनी वाकून बघितली तर डोळ्यांसमोर लटकतेय, पण खाली येईना. काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात, माझा कळसा दिसत होता तरी वळसा चुकला नाही. रस्त्याच्या कडेला टॉर्च तोंडात धरून कपाट उखडलं. तेव्हापासून नियम एकच: मूळ फ्लोअरमधलं प्रत्येक टोपण, नट आणि बोल्ट यांचा मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा, मगच त्यावर काही झाकायचं.

९०६

वरच्या अनुभवाला माझी पुरवणी. २००६ ते २०१८ या पिढीच्या मर्सिडीज स्प्रिंटर व्हॅनमध्ये (कंपनीच्या भाषेत ९०६) इंजिनची बॅटरी बॉनेटखाली नसते. ती केबिनमध्ये, पाय ठेवायच्या जागेत फ्लोअरखाली असते. मला हे माहीत होतं, आवाज कमी करायची जाड शीट चिकटवताना आठवलं नाही. बॅटरी उतरली तेव्हा चाकूनं खरवडत आठवलं.

मान वाकलेला

दुहेरी फ्लोअरचं स्वप्न बघणाऱ्यांनी आधी स्वतःची उंची मोजावी. फियाट ड्युकाटोच्या मधल्या उंचीच्या छताच्या व्हॅनमध्ये कोऱ्या पत्र्यापासून छतापर्यंत सुमारे १९३ सेंमी मिळतात. त्यातून खाली २५ मिमी फोम आणि १२ मिमी प्लाय, वर छताचं इन्सुलेशन आणि फळ्या धरून तीनेक सेंमी गेले. राहिले १८६. मोठ्या मोटरहोममध्ये असतं तसं खोटं फ्लोअर मला हवं होतं, पाण्याची टाकी आणि नळ्या त्यात, म्हणजे थंडीत गोठणार नाहीत. म्हणून १० सेंमी उचललं. उरले १७६. मी १७८.

दोन सेंमी म्हणजे काय असतं, हे महिनाभर मान वाकवून भांडी घासल्यावर कळतं. डोकं आपटत नाही, केस नुसते घासत राहतात, त्यानं माणूस जास्त चिडतो. शेवटी मधल्या वाटेतलं सगळं काढलं. उंच भाग फक्त बसायच्या जागेखाली आणि पलंगाखाली ठेवला, जिथे कोणी उभंच राहत नाही. तिथे आता १८ सेंमी केला आहे, बिनधास्त. झाकणं बिजागरीची नाहीत, नुसती ठेवलेली, आतून दोन पट्ट्यांनी अडकणारी. बिजागरीला वर उघडायला मोकळी हवा लागते आणि टेबलाखाली ती नसते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीही त्यातच आहे, आतल्या उबेच्या बाजूला. शून्याच्या खालच्या तापमानात तिला चार्ज करायचं नसतं, त्यामुळे गाडीबाहेर खाली टांगायचा विचार सोडला.

एक सावध माणूस

कळकळीनं दोन ओळी. गॅसचं सिलिंडर तळातल्या बंद पेटीत ठेवू नका. प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळाला तर वर जाऊन वास देत नाही, खाली तळ्यासारखा साचतो, आणि तुमची पेटी म्हणजे आयतं तळं. सिलिंडरचा कप्पा राहत्या जागेपासून पूर्ण बंद हवा आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं. ते भोक थंडीत बोळा घालून बुजवणारे लोक मी पाहिले आहेत.

पोटाखालून

भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपा. वरून सगळा पत्रा सारखाच दिसतो. मी हीटरच्या धुराड्यासाठी ड्रिल हातात घेतलं होतं, मित्र म्हणाला थांब, बघून येतो. खालून त्याचा आवाज आला, “डिझेलची टाकी आहे तिथे.” एवढंच म्हणाला. आता मी आधी बारीक बिटनं एक भोक पाडतो, त्यातून तार खाली सोडतो आणि ती कुठे निघते ते बघतो. ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, ॲडब्लूची (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी, सगळं तिथेच गर्दी करून असतं.

स्टेपनी काढून तिथे ७० लिटरची टाकी टांगली तो दुसरा धडा. ७० लिटर पाणी म्हणजे ७० किलो, तेही मागच्या चाकांच्या मागे. जड वस्तू खाली असली की गाडी वळणावर कमी झुकते हे खरं, पण खाली म्हणजे मागे नव्हे. शेवटच्या टोकाला टांगलेलं वजन पुढची चाकं हलकी करतं. वजनकाट्यावर दोन्ही ॲक्सल वेगवेगळे मोजले तेव्हा मागचा मर्यादेला टेकला होता. टाकी आता दोन चाकांच्या मध्ये आहे, स्टेपनी परत आपल्या जागी.

ओट्याखालची

आमचं छोटं प्रकरण आहे. ओट्याखाली पाय सरकवायला फट असते, तिच्या मागे ८ सेंमी उंचीची जागा वाया जात होती. तिथे चपटा खण केला. घडीच्या खुर्च्या, नकाशे, सोंगट्यांचा डबा. दाबलं की उघडणारी कडी लावली, हँडल नको म्हणून. एका वळणावर खडखडाट झाला, गाडी थांबवली, तर खण पूर्ण बाहेर येऊन सरकत्या दाराला आडवा. दार आतून उघडेना, सोंगट्या सगळीकडे. दाबाच्या कडीला खड्डा आणि बोट यांतला फरक कळत नाही. आता साधी लाकडी खिट्टी आहे, बायकोनं केलेली.

काहीच नाही

मी वेगळा सूर लावतो. चार वर्षांनी माझं फ्लोअर उघडलं. माल बांधायच्या कड्या पत्र्यात ज्या वाट्यांत बसलेल्या असतात, त्या वाट्यांत पाणी होतं. कुठून गळलं नव्हतं, आमच्याच श्वासाची वाफ गार पत्र्यावर जमून उतारानं तिथे गेली होती. एक वाटी बोटानं दाबली तर बोट खाली गेलं. पेट्या करा, पण प्रत्येक पेटीला हवेची वाट ठेवा, आणि वर्षातून एकदा सगळी झाकणं काढून उन्हात टाका. माझ्याकडे आता एकही पेटी नाही. कड्यांवर बोटभर भोकं ठेवली आहेत, महिन्यातून एकदा फडकं घालून बघतो.

धाग्यावाला

सगळं वाचून काल करवतीचं जुनं पातं घेतलं आणि पायरीतला फोम खरवडायला बसलो. अर्ध्याहून जास्त निघाला, पोती भरली, नखांत अजून पिवळं आहे. अगदी तळाशी, फोममध्ये आरपार रुतलेला, माझा दहाचा पाना सापडला. शेजाऱ्यानं नेला असं मी दोन वर्षं समजत होतो.