ट्राम यायची वाट बघत

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून वाचवण्यासाठी ज्यू मूल घरात लपवणाऱ्या कुटुंबांच्या धाडसाबद्दल जे लिहिलं जातं ते शंभर टक्के पटतं. पण मूल त्या दारापर्यंत पोचायचं कसं, हे त्यात राहून जातं. नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमचंच बघा. १९४२-४३ मध्ये पकडलेल्या ज्यूंना छावणीत पाठवण्याआधी एका नाट्यगृहात कोंडत आणि लहान मुलांना समोरच्या पाळणाघरात ठेवत. मध्ये फक्त रस्ता, आणि पलीकडे नाट्यगृहाच्या दारात पहारेकरी. ट्राम येऊन मध्ये उभी राहिली की त्याला पाळणाघराचं दार दिसेनासं व्हायचं. तेवढ्या क्षणांत एखादी तरुणी मुलाचा हात धरून बाहेर पडायची, ट्रामच्या आडोशाने चालत जायची. तान्ह्यांना पिशवीत, टोपलीत घालून नेलं. अशी सुमारे ६०० मुलं सुटली, फ्रीसलंड, लिम्बुर्ग अशा दूरच्या डच प्रांतांतल्या घरांत पोचली.

नाट्यगृहातला कारभार बघणारे वाल्टर झ्युसकिंड तिथल्या नोंदींतून मुलांची नावं गाळायचे. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल. दोघंही ज्यू, दोघंही वाचले नाहीत. आणि मूल न्यायचं तर आधी आईबापांना विचारत. अनोळखी माणसाच्या हाती पोर सोपवायला ‘हो’ म्हणणाऱ्या त्या आईबापांचं धाडसही याच हिशेबात धरायला हवं.